काचेआड ठेवलेले नऊ तुकडे

आम्हा पाचजणांना कॉलेजवाल्यांनी आपल्यात घेतलं असतं तर आमचा मंच निघालाच नसता, आणि मंच निघाला नसता तर एका चांगल्या माणसाचं वाटोळं व्हायचं राहिलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. मग वाटतं, कशाला त्यांच्यावर ढकलतेस बाई, जे केलं ते तुम्हीच केलं.

नागपुरात रसायनशास्त्रवाल्यांची एक संघटना होती. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन वर्ध्याच्या एका चपलांच्या कारखान्यात लागले होते. हौसेनं सभासदत्वाचा अर्ज भरला. अर्जात एक रकाना होता, विभागप्रमुखाची सही. आमचे विभागप्रमुख म्हणजे सुपरवायझर. मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस, पण सही अशी झोकदार करायचा की बघत राहावं. पंधरा दिवसांत अर्ज परत. सभासदत्व फक्त अध्यापन आणि संशोधन करणाऱ्यांसाठी. अस्सा राग आला मला! दिवसाला चाळीस तळवे वाकवून, ताणून, घासून बघत होते मी, ते काय भजन होतं?

असाच अर्ज परत आलेले आणखी चौघं जिल्ह्यात निघाले. आमची गाठ पडली ती वर्ध्यातल्या रसायनांच्या एका दुकानात. कारखान्यासाठी काहीबाही न्यायला सगळे तिथंच यायचे. पाचहीजणांचा एम.एस्सी.चा खास विषय एकच, बहुवारिकं. म्हणजे प्लास्टिक, रबर, रंगातली राळ. लहान रेणूला लहान रेणू जोडत लांबच लांब माळ झाली की जे तयार होतं ते. पण कारखान्यात आम्हाला कोणी शास्त्रज्ञ म्हणत नव्हतं. मालाच्या नावानंच ओळखायचे, म्हणून आम्हीही एकमेकांना तेच म्हणायला लागलो. नालवाडीत भाड्यानं राहणारा, आमच्यात वयानं मोठा, तो रबरवाला. पॅसेंजरनं सिंदीहून यायचा तो पिशवीवाला. एक रंगवाला. आणि पवनारचा पाइपवाला. मला तोंडावर ताई म्हणायचे, माझ्यामागं चप्पलवाली. मला माहीत होतं ते. नावं ठेवायला मीच शिकवलं होतं त्यांना.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला रबरवाल्याच्या खोलीवर आमची बैठक भरायची. रबरी शिक्का केला होता आम्ही, 'तरुण बहुवारिक रसायनज्ञ मंच, वर्धा जिल्हा'. शिक्का मारायला कागद नसायचे, म्हणून पिशवीवाला तो हातावर मारून घ्यायचा. इतिवृत्त लिहायचं काम अर्थात माझ्याकडे. चार बाप्यांत एक बाई असली की वही तिच्याच मांडीवर येते, त्याला काही ठरावबिराव लागत नाही. मीही लिहायची ते एकाच साच्यात. काहीही ठरलं की 'सर्वानुमते ठरले'. भजी मागवायची, तेही सर्वानुमते. एकदा रंगवाला म्हणाला, "ताई, मी तर आलुबोंडे म्हटलं होतं." मी म्हटलं, "लिहून झालं आता. गप बसा."

आता आमच्या मंचाचा जो मुख्य नियम, तो सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आम्ही सगळे मालकांचं मीठ खाणारे. कारखान्यातला मसाला, म्हणजे कशात काय किती घालायचं ते, बाहेर बोलायची चोरी होती. कोणाच्या मालकाच्या कानावर गेलं असतं की आपला माणूस नालवाडीत बसून आपला फसलेला माल लोकांना दाखवतो, तर दुसऱ्या दिवशी घरी. पण फसलेला माल दाखवल्याशिवाय शिकायचं कसं? म्हणून रबरवाल्यानं युक्ती काढली. सतरंजीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर एक मोठा रुमाल. आल्या-आल्या प्रत्येकानं आपला फसलेला तुकडा रुमालाखाली सरकवायचा, बाकीच्यांनी तेव्हा दुसरीकडं बघायचं. मग रबरवाला रुमाल उचलणार, एकेक तुकडा सगळ्यांच्या हातांतून फिरणार. वाकवा, हुंगा, दातांखाली धरा, काडी लावून धूर बघा. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथिन, नाकात झोंबलं तर पीव्हीसी. सगळं झालं की रबरवाला विचारणार, "कोणाचा?" ज्याचा असेल त्यानं 'माझा' म्हटलं तरच चर्चा. तीनदा विचारूनही कोणी बोललं नाही, तर तो नग बेवारस. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा, आणि त्याच्याबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. दुसऱ्याच्या मालाला त्याचं नाव आपण लावायचं नाही, हे तर अगदी पक्कं.

खरं सांगायचं तर हा सगळा पोरखेळ होता. चपलेचा तळवा निघाला तर तो आणखी कोणाचा असणार? तरी मी तिसऱ्या हाकेपर्यंत छताकडे बघत बसायची आणि मग 'माझा' म्हणायची, आणि सगळे "अरे बाप्पा, ताईचा काय!" म्हणून आश्चर्य करायचे. त्या 'माझा' म्हणण्यात एक सुख होतं. महिनाभर कारखान्यात जी चूक झाकत फिरायचं, ती इथं चारचौघांत ठेवायची आणि कोणी हसायचं नाही. माझ्या तळव्यांना भेगा का पडतात ते मला तिथंच कळलं. तेवढी दोन-अडीच वर्षं आम्हाला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. मी ते नाकारत नाही.

पाइपवाला आमच्यात सगळ्यांत हुशार. त्याच्या वस्तीतला पहिला एम.एस्सी. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, वडील शेतमजुरी करून पोराला नागपुरात शिकवत राहिले. पोरगं पाणी देण्याचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात लागलं, तर मस्टरवर नाव काय, हेल्पर. खालच्या ओळीत, हमालांच्या बरोबर. मसाल्याचं गणित तो करणार, यंत्राचं तापमान तो सांभाळणार, आणि मस्टरवर हेल्पर! तो हसून सांगायचा, "ताई, मी देशातला सर्वांत शिकेल हेल्पर आहो." मला हसू यायचं नाही.

त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. कारखान्याच्या कागदावर, मालकाच्या सहीनं, केमिस्ट म्हणून नेमणुकीचं पत्र. पगार वाढला नसता तरी त्याला चाललं असतं. वडिलांना ते पत्र दाखवायचं होतं, बस्स.

आणि तशी संधी आली. पीव्हीसीच्या पाइपात टायटॅनियमची पांढरी भुकटी घालतात. ती छत्रीसारखी उन्हाला अडवते, नाहीतर ऊन पाइपाला खाऊन टाकतं. ती भुकटी बाहेरून यायची, महाग, आणि वेळेवर मिळायची नाही. पाइपवाल्यानं त्यातली बरीचशी काढून तिच्या जागी आपली साधी खडूची भुकटी घालायचा मसाला बसवला. खडूला आधी मेणबत्तीतलं आम्ल चोळून घ्यायचं, म्हणजे ती नीट मिसळते. डोकं बघा! मालकाला पटलं. पण तो म्हणाला, वर्षभर उन्हात ठेवून दाखव. टिकला तर तुझा मसाला चालू आणि तू केमिस्ट. पत्र माझ्या सहीचं.

कारखान्यात उन्हात ठेवायला त्याला जागा कोण देणार? मंचानं दिली. रबरवाल्याच्या गच्चीवर लाकडी चौकट उभी केली, तिच्यावर पाइपाचे बारा तुकडे तारेनं बांधले. तापल्या सुईनं प्रत्येकावर आकडा कोरला. काही नव्या मसाल्याचे, काही जुन्या, ताडून बघायला. वहीत मी लिहिलं, प्रयोग सर्वानुमते सुरू.

आठ दिवसांत माकडं आली. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची, नालवाडीत कायमच यायची ती. एक तुकडा घेऊन गेलं. पुन्हा बांधले, दुहेरी तार. महिन्याभरात आणखी दोन गेले. एक तर पाइपवाल्याच्या देखत गेला. त्यानं दगड उचलला, तर त्या माकडानं तुकडा चावून बघितला, नाक मुरडलं आणि शेजारच्या छपरांवरून उड्या मारत पसार. सगळे हसून लोळले. पाइपवाला मात्र चौकटीजवळ बसून राहिला. "असे एकेक गेले तर वर्षाअखेर मालकाले काय दाखवू मी? माकड?"

तेव्हा मी बोलले. मीच. मला ती जागासुद्धा आठवते, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, मांडीवर वही. मी म्हटलं, "अहो, एवढं काय त्यात? खोलीच्या दक्षिणेच्या खिडकीला काच आहे. तिच्या आत लावा चौकट. दिवसभर ऊन येतं तिथं. ऊन ते ऊन, काचेतून आलं म्हणून काय सावली होते?"

"हे बराबर हाये," पाइपवाला उठलाच. "ताई, तुमचं डोकं चालते बुवा!"

सगळ्यांनी मान डोलावली. मी वहीत लिहिलं: 'उरलेले नऊ तुकडे खिडकीत काचेआड ठेवण्याचे सर्वानुमते ठरले.'

आता खरी चूक सांगते. उन्हातले जे किरण प्लास्टिकला खातात, ते साध्या काचेतून पार होत नाहीत. काच त्यांना बाहेरच ठेवते. हे आम्हाला माहीत नव्हतं का? बाप्पा, पाचहीजणांना तोंडपाठ होतं! एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत त्याच किरणांचा प्रयोग करताना आम्ही द्राव कधी काचेच्या डबीत ठेवला नाही, क्वार्ट्झच्याच ठेवला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारायचे, काचेची डबी का चालत नाही? मलाही विचारलं होतं. मी टपकन उत्तर दिलं होतं आणि शाबासकी घेतली होती. तेच उत्तर डोक्यात घेऊन मी त्या पायरीवर बसले होते. शेतातलं कोणी असतं तर एखादा तुकडा तरी बाहेर टांगून बघितलं असतं. आम्हाला नऊच्या नऊ जपायचे होते.

वर्ष सरलं. दर बैठकीला आम्ही चौकट बाहेर काढायचो, तुकडे वाकवून बघायचो, मी नोंद करायची. काही फरक नाही. वर्ध्याचा उन्हाळा जाऊनही नऊच्या नऊ पांढरे, चिवट. जुन्या मसाल्याचे तसेच, नव्याचेही तसेच. खरं तर तिथंच पाल चुकचुकायला हवी होती. इथल्या उन्हात वाळत घातलेलं धोतर वर्षात विरतं, आणि प्लास्टिकला काहीच होत नाही? पण आम्ही खुश होतो. रबरवाल्यानं भजी मागवली.

संक्रांतीनंतर पाइपवाला पेढे घेऊन आला. पत्र मिळालं होतं. आम्ही सगळ्यांनी ते हातात घेऊन वाचलं, फसलेल्या मालासारखंच हातोहात फिरवलं. मालकाची सही, खाली 'केमिस्ट'. पिशवीवाल्यानं ते हुंगून बघितलं आणि म्हणाला, "अस्सल आहे." पाइपवाला इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या मसाल्याचा माल सुरू झाला. पाइपांची विक्री दसऱ्यानंतर, रब्बीच्या पाण्याच्या वेळी. तोवर सगळा माल गोदामात साठायचा होता.

मे महिन्यात एकदा रजा होती म्हणून मी मागच्या नोंदी ताडून बघायला रबरवाल्याकडे गेले होते, वही तिथंच असायची. साधा वार होता, तो कामावर गेलेला. घरमालकीणबाईंच्या लगतच्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर माणूस चढला होता. पावसाआधी कवेलू फेरून घेतात, फुटके काढतात, नवे बसवतात. बाई म्हणाल्या, "बरी आली तू. हे घे, तुमच्या त्या माकडानं नेलेलं दिसते. वळचणीजवळ उघड्यावर पडलं होतं." आणि त्यांनी माझ्या हातावर एक तुकडा ठेवला.

आकडा चार. नव्या मसाल्याचा. दीड वर्ष उघड्या उन्हात पडलेला. रंग पिवळट-करडा झालेला, बोट फिरवलं तर खडू हाताला लागला. मी दोन्ही अंगठ्यांनी जरा दाबलं, आणि टोकाचा एक कपचा कुडकन मोडून पडला. एवढ्याशा जोरात. त्या क्षणी मला काच आठवली, क्वार्ट्झची डबी आठवली, परीक्षक आठवले, सगळं एकदम. मी तिथंच ओसरीवर खाली बसले. बाई म्हणाल्या, "ऊन लागलं काय व?" मी हो म्हटलं.

त्याच दुपारी मी पवनारची बस धरली. सांगून मोकळं व्हायचं, हेच डोक्यात. माल गोदामातच आहे, अजून वेळ आहे. त्यानं मालकाला सांगितलं तर माल थांबेल. पत्र जाईल, पण माल थांबेल. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते.

तो घरी नव्हता, पहिली पाळी संपवून येऊन धाम नदीवर अंघोळीला गेला होता. वडील होते. मी कोण ते सांगितल्यावर म्हाताऱ्यानं स्वतः उठून बाज टाकली. "बस पोरी, बस. एवढ्या उन्हाची काऊन आली? थांब, पानी देतो." माठातलं पाणी दिलं आणि लगेच माझ्यासमोर भिंतीकडे बोट केलं. "पायलं काय?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, काच लावून, ते पत्र.

"सायबाची सही हाये. मले वाचता येत नाई, पन तो शब्द मले आता वळखू येते." म्हाताऱ्यानं काचेवर बोट ठेवलं, नेमकं 'केमिस्ट'वर. "वर्ध्याहून फ्रेम बनवून आनली. म्हटलं, उघडं ठेवलं तर खराब होईन."

 पर्समध्ये तो तुकडा होता. पाइपवाला ओल्या केसांनी आला, मला बघून खुश झाला. "ताई! काय काम काढलं?" मी म्हटलं, काही नाही, आश्रमाकडे आले होते, सहज डोकावले. त्यानं चहा केला. वडील पूर्ण वेळ माझ्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीनं बघत होते. मी शेपूट घालून परतीची बस धरली.

भीती होती, ती दोन प्रकारची. एक त्याच्यासाठी. दुसरी, खरं सांगते, माझ्यासाठी. तुकडा दाखवला की पहिला प्रश्न येणार, काचेआड ठेवायचं डोकं कोणाचं? मी फार तोऱ्यात असायची त्या चौघांत. तो तोरा मला सोडवेना.

मग मी भित्री माणसं करतात तेच केलं, नियमावर सोडलं. जूनच्या बैठकीला तो तुकडा रुमालाखाली सरकवला. म्हटलं, त्याच्या हातात जाईल, त्याला कळेल, तो आपणहून 'माझा' म्हणेल. मग बोलता येईल सगळ्यांना.

रबरवाल्यानं रुमाल उचलला. तुकडा आधी पिशवीवाल्याकडे गेला. त्यानं दाबला, आणि तो एकदम थांबला. आकडा वाचला, काही न बोलता पुढं दिला. रंगवाल्यानं नख घासलं, नखाखाली पांढरं आलं. त्यानंही पुढं दिला. माझ्या हातात आला तेव्हा मी उगीच उलटसुलट केला. मग पाइपवाल्याकडे. त्यानं आकड्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग अंगठ्याला लागलेली भुकटी पँटला पुसली आणि तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून दिला.

"कोणाचा?" रबरवाल्यानं विचारलं.

 खाली रस्त्यावर बर्फगोळेवाल्याची घंटी वाजत होती.

"कोणाचा?"

पाइपवाला खिडकीकडे बघत होता. काच लावलेल्या त्याच. मी मनात म्हणत होते, म्हण बाबा, म्हण एकदा. आणि त्याच वेळी मला असंही वाटत होतं की त्यानं म्हणू नये. हे दोन्ही मला वाटत होतं.

"कोणाचा?" रबरवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तुकड्याकडे न बघता. त्याच्याच गच्चीवरचा तुकडा होता तो! पाचहीजणांना तो कोणाचा ते माहीत होतं. पण दुसऱ्याच्या मालाला नाव लावायचं नाही. रबरवाल्यानं तो उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकला. पत्र्यावर आवाज झाला, तेवढाच. मी वहीत लिहिलं: 'एक नग बेवारस. सर्वानुमते डब्यात.'

जिना उतरताना पाइपवाला माझ्या मागं होता. हळूच म्हणाला, "ताई, तुमी त्या दिवशी पवनारले याच्यासाठीच आल्या होत्या ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "सहजच आले होते."

"मी म्हटलं असतं," तो म्हणाला. "पण बाबा रोज सकाळी त्या फ्रेमले पुसून राह्यले."

दसऱ्यानंतर पाइप विकले गेले. पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्या उन्हाळ्यात जिल्हाभरातून बातम्या यायला लागल्या, पंप सुरू केला की पाइप उभे फाटतात. लोक फाटके पाइप गाड्यांत घालून कारखान्याच्या फाटकाशी आणून टाकायला लागले. मालक आधी मळा खराब, पाणी खराब म्हणत राहिला. मग त्यानं ढीग बघितला. तो पाइपवाल्याला फार बोललाही नाही. एवढंच म्हणाला, ते पत्र परत आण. पाइपवाला घरी गेला, वडील शेतावर असताना फ्रेमची मागची पट्टी काढली, पत्र काढून नेऊन दिलं. रिकामी फ्रेम तशीच परत टांगली. पुढं तो कुठल्या कारखान्यात गेला नाही. पोस्टाच्या परीक्षेला बसला, असं पिशवीवाल्याकडून कळलं.

पण त्याआधी तो एकदा बैठकीला आला. तोवर बैठक म्हणजे नुसता चहा उरला होता. त्यानं रुमालाकडे बघितलंही नाही. पिशवीतून फाटक्या पाइपाचा हातभर तुकडा काढला, सरळ वर्तमानपत्रावर ठेवला आणि रबरवाल्यानं विचारायच्या आतच म्हणाला, "माझा."

आणि मग आम्हाला वाचा फुटली! नियमाप्रमाणे आता चर्चेला मोकळीक होती ना. रंगवाल्यानं क्वार्ट्झचा विषय काढला. पिशवीवाल्यानं किरणांची लांबी सांगितली. रबरवाल्यानं काच काय अडवते ते कागदावर आलेख काढून दाखवलं. मी म्हटलं, खडू उन्हाला अडवू शकत नाही, टायटॅनियमच पाहिजे. किती हुशार होतो आम्ही! दोन वर्षं उशिरा, पण एकाचंही काही चुकलं नाही. पाइपवाला ऐकत होता, आणि सवयीनं आपल्या छोट्या डायरीत लिहून घेत होता. कशासाठी, कोण जाणे.

सगळं झाल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं. "एक विचारू काय? काचेआड ठेवा म्हणून कोण म्हटलं होतं, आठवते काय कोणाले?"

रबरवाला चहाचे कप गोळा करायला लागला. रंगवाला म्हणाला, लई दिवस झाले बुवा. पिशवीवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. दर महिन्याला म्हणत होते मी तो, भेगाळलेल्या तळव्यांसाठी.  मी म्हटलं, "वहीत असेल. बघते."

पान उघडून मी मोठ्यानं वाचलं. "उरलेले नऊ तुकडे खिडकीत काचेआड ठेवण्याचे सर्वानुमते ठरले."

"सर्वानुमते," पाइपवाला म्हणाला. त्यानं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. त्याला आठवत होतं. त्याच्या तोंडावरून मला दिसत होतं की त्याला जिन्याची पायरीसुद्धा आठवत होती. "म्हणजे मीबी होतो तर." त्यानं तुकडा पिशवीत घातला, "येतो, ताई," म्हणाला आणि उतरून गेला. शेवटपर्यंत त्यानं दुसऱ्याच्या मालाला नाव लावलं नाही.

"लिहा ताई," रबरवाला म्हणाला.

मी लिहिलं: 'उपस्थिती पाच. माल एक नग, पाइप. निदान झाले. मंचाचे काम थांबवण्याचे सर्वानुमते ठरले.' असं काही ठरलं नव्हतं, कोणी कोणाला विचारलंही नव्हतं. चौघांनी सह्या केल्या. पाचव्या सहीची जागा रिकामी राहिली, आणि वरचा तो 'सर्वानुमते' मी खोडला नाही.